पिशवीवर काढलेली वर्षे

“आमचे दादा पिशवीवर आहेत,” हे वाक्य आमच्या घरात सात वर्षे इतक्या सहजपणे बोलले जाई, की ऐकणाऱ्याला त्याचा अर्थबोध होत नसेल हे आमच्या ध्यानातही येत नसे. पाहुणा चमके, पिशवी म्हणजे कसली, असे विचारण्याचा त्याला संकोच वाटे, आणि मग वहिनीच कधी तरी त्याला माजघरालगतच्या खोलीत नेऊन भिंतीशी रचलेली खोकी दाखवीत. आज श्रोत्यांना त्या खोलीत न्यावे असा माझा विचार आहे.

प्रारंभीच सांगितले पाहिजे की मी वैद्य नव्हे. अर्थशास्त्र हा विषय घेऊन एम. ए. झालो आणि गेली वीस वर्षे सरकारी नोकरीत आहे. नेमणूक भोपाळला, आणि दादांचे घर रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वर तालुक्यात. तेव्हा जे सांगणार आहे त्यातले काही जवळून पाहिलेले, काही डॉक्टरांना विचारून घेतलेले आणि बरेचसे पुढे पुस्तके वाचून उमगलेले असे आहे. यातले जे उशिरा उमगले त्यासाठीच मुख्यतः हे भाषण आहे.

मूत्रपिंडे म्हणजे मुठीएवढे दोन अवयव. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव त्यांच्यातून गाळला जातो, आणि त्यातला लिटर-दीड लिटर तेवढा मूत्र म्हणून बाहेर टाकून बाकीचा सर्व ती शरीराला परत करतात. इतकी काटकसरीने आणि इतकी बिनबोभाट चालणारी कचेरी मी माझ्या नोकरीत पाहिलेली नाही. ही कचेरी बंद पडली म्हणजे माणसापुढे तीन वाटा उरतात. एक, दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवून घेणे. दुसरी, आठवड्यातून तीनदा रुग्णालयात जाऊन चार-चार तास यंत्राने रक्त शुद्ध करून घेणे. तिसरी वाट पोटाची. दादांचा रक्तदाब अनेक वर्षे वाढलेला होता आणि २०१८ च्या आरंभी त्यांच्या मूत्रपिंडांनी जवळजवळ हात टेकले. माझे मूत्रपिंड द्यावे म्हणून माझी तपासणी झाली; ते जुळले नाही. यंत्रासाठी रत्नागिरीस जावयाचे तर जाण्यायेण्यासह आठवड्याचे तीन दिवस मोडणार. दादा माध्यमिक शाळेत गणित शिकवीत. त्यांनी पोटाची वाट धरली.

या उपचाराचे तत्त्व साधे आहे. आपल्या आतड्यांवरून, यकृतावरून आणि पोटाच्या भिंतीच्या आतल्या अंगाने एक पातळ, ओलसर, चकचकीत पडदा गेलेला असतो. आपल्या शास्त्रीय परिभाषेत त्याला पर्युदर म्हणतात. तो उलगडून पसरला तर जवळजवळ अंगावरच्या कातडीइतका भरेल. त्यात सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. बेंबीच्या आसपास कायमची बसविलेली एक मऊ नळी असते. तिच्यातून पोटात दोन लिटर निर्जंतुक, साखर आणि क्षार घातलेले पाणी सोडावयाचे. रक्तातली युरियासारखी टाकाऊ द्रव्ये पडद्यातून हळूहळू त्या पाण्यात उतरतात, आणि साखर शरीरातले जादा पाणी आपल्याकडे ओढून घेते. काही तासांनी ते पाणी रिकाम्या पिशवीत काढून घ्यावयाचे आणि नव्या पिशवीतले आत सोडावयाचे. हेच पर्युदर-डायलिसिस. यंत्र नाही, सुई नाही, विजेची गरज नाही. भिंतीला एक खुंटी, एक टेबल, साबण, पाणी आणि अर्धापाऊण तास.

ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. जर्मनीत गेओर्ग गांटर यांनी १९२३ मध्ये रुग्णावर केलेला असा उपचार प्रसिद्ध केला होता. पण पोटात वारंवार नळी घालावयाची म्हणजे जंतूंना वारंवार दार उघडून देणे होते, आणि त्यामुळे हा उपचार काही दिवसांपलीकडे जात नसे. ती अडचण बव्हंशी दूर केली सिअॅटलच्या हेन्री टेंकहॉफ यांनी. १९६८ मध्ये त्यांनी सिलिकोनची एक नळी सिद्ध केली; तिच्याभोवती डॅक्रॉन कापडाचे दोन पट्टे असतात, त्यांत शरीराचे तंतू वाढतात, नळी जागच्या जागी धरली जाते आणि जंतूंची वाट अडते. पुढे १९७६ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे रॉबर्ट पोपोविच हे अभियंते आणि जॅक मॉनक्रीफ हे डॉक्टर यांनी असा हिशेब मांडला, की पोटात पाणी अष्टौप्रहर ठेवून ते दिवसातून चार-पाच वेळा बदलले तर यंत्राशिवाय माणूस जगू शकेल. मौज अशी की त्यांचा हा निबंध त्या वर्षीच्या परिषदेने नाकारला होता. सुरुवातीस पाणी काचेच्या बाटल्यांतून येई; टोरांटोच्या दिमित्रिओस ओरिओपूलोस यांनी १९७७ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्या आणल्या, आणि दर काही आठवड्यांनी होणारा जंतुसंसर्ग त्यामुळे पुष्कळच कमी झाला. मग इटलीतील पेरुजा येथील उंबेर्तो बुओनक्रिस्तिआनी यांनी इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी दुफाटी नळी योजिली. आधी नव्या पाण्याने नळीचा जोड धुवून ते बाहेर सोडावयाचे, आणि मगच पोटात पाणी घ्यावयाचे, एवढीच तिच्यातील युक्ती. माणसाच्या हातून चुकून जोडाला लागलेले जंतू त्या धुण्याबरोबर वाहून जातात. मोठमोठ्या औषधांच्या तोडीचे काम या साध्या युक्तीने केले. आपल्या देशात हा उपचार १९९१ च्या सुमारास सुरू झाला.

दादांना तो मानवला. पहाटे सहाला एक पिशवी, दुपारी शाळा सुटल्यावर दोनला दुसरी, रात्री दहाला तिसरी. दिवसाला चार पिशव्या हा नेहमीचा प्रघात. परंतु दादांना तेव्हा दिवसाकाठी आठशे मिलिलिटर लघवी होत होती म्हणून तीनांवर भागले, आणि खर्चाच्या दृष्टीनेही ते बरे पडले. आपल्याकडे पुष्कळांना चौथी पिशवी परवडत नाही म्हणूनच तीन घ्याव्या लागतात, हेही खरे. २०२० च्या मार्चमध्ये देश बंद झाला. यंत्रावरच्या रुग्णांना आठवड्यातून तीनदा रुग्णालयाची वाट धरणे भागच होते. आमचे दादा मात्र ओटीवर बसून मुलांच्या उत्तरपत्रिका तपाशीत होते. त्या दिवसांत आम्ही सर्वांनी या उपचाराची इतकी स्तुती केली, की पुढे त्याच्यात उणे काढणे आम्हालाच जड जाऊ लागले.

पहिल्या दोन-तीन वर्षांत हा उपचार यंत्राच्या बरोबरीचा, किंबहुना थोडा सरसही ठरतो, असे निरनिराळ्या देशांचे अनुभव सांगतात. खरे प्रश्न त्यानंतर सुरू होतात.

त्यांतला जंतुसंसर्गाचा प्रश्न सर्वांना ठाऊक असतो. दिवसाला तीन पिशव्या म्हणजे वर्षाला १,०९५ वेळा आणि सात वर्षांत साडेसात हजारांहून अधिक वेळा तो जोड उघडावयाचा. प्रत्येक वेळी दार-खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडावर पट्टी, हात घासून धुतलेले. कोकणातल्या वैशाखात पंखा बंद करून पाऊण तास बसणे म्हणजे काय, ते तिकडच्या श्रोत्यांना सांगावयास नको. साडेसात हजार वेळा एखादी गोष्ट बिनचूक करणारा माणूस मला अजून भेटावयाचा आहे. २०२१ च्या जुलैत चिपळुणात महापूर आला त्याच आठवड्यातली गोष्ट. वीज गेलेली, वहिनी तापाने आडव्या, आणि पुतण्याने विजेरीच्या उजेडात रात्रीची पिशवी बदलली. तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचा मला फोन आला, “भाऊजी, पाणी गढूळ आलंय. पिशवीमागं पंचांग धरलं, अक्षरं लागत नाहीत.” पिशवीमागे छापील कागद धरून पाहणे ही तिकडच्या परिचारिकेने शिकविलेली परीक्षा. पाणी स्वच्छ असेल तर अक्षरे वाचता येतात. गढूळ झाले तर पर्युदराला सूज आली असे समजून तीच पिशवी घेऊन तडक रुग्णालय गाठावयाचे. त्यांनी गाठले. पिशवीतूनच जंतुनाशक औषध पोटात सोडण्यात आले आणि तीन आठवड्यांत दादा बरे झाले.

आंतरराष्ट्रीय पर्युदर-डायलिसिस संघटनेची २०२२ ची अपेक्षा अशी आहे, की एखाद्या केंद्रात दर रुग्णामागे असे आजारपण अडीच वर्षांतून एकदा, याहून जास्त होऊ नये. दादांना सात वर्षांत दोनदाच झाले, म्हणजे आमचा हिशेब वाईट नव्हता. परंतु बरे होणे आणि पूर्ववत होणे यांत अंतर आहे. अशा प्रत्येक आजारपणात पडद्यावर काही ना काही व्रण राहतो, ही गोष्ट त्या वेळी आमच्या गावी नव्हती.

दुसरी गोष्ट उरल्यासुरल्या लघवीची. मूत्रपिंडे गेली म्हणताना ती पूर्ण जात नाहीत. थोडे काम करीत राहतात, आणि ते थोडेसे काम फार मोलाचे असते. कॅनडा आणि अमेरिकेतील रुग्णांच्या एका गाजलेल्या अभ्यासाची फेरतपासणी २००१ मध्ये झाली. तिच्यात असे दिसले, की दिवसाची लघवी पाव लिटरने अधिक असली तर मृत्यूचा धोका एकतृतीयांशाहून अधिक कमी असतो. उलट पोटातल्या पाण्याने होणारी शुद्धी कमीजास्त झाल्याने तितका फरक पडला नाही. म्हणून ही लघवी जपावयाची असते. आमच्याकडे ती २०२१ पासून ओसरू लागली. दादांचे गुडघे दुखत, ते दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून घेत, आणि अशा पुष्कळशा गोळ्या मूत्रपिंडांना मारक असतात. त्यांनी आम्हाला विचारले नाही, आम्ही त्यांना विचारले नाही. २०२२ च्या अखेरीस लघवी जवळजवळ थांबली.

आता मी ज्या गोष्टीकडे वळतो आहे, ती माझ्या मते सर्वांत महत्त्वाची असून सर्वांत कमी बोलली जाते. ती म्हणजे साखर.

दीड टक्क्याच्या दोन लिटरच्या पिशवीत तीस ग्रॅम ग्लुकोज असते, अडीच टक्क्याच्या पिशवीत पन्नास आणि सर्वांत कडक, म्हणजे सव्वाचार टक्क्यांच्या पिशवीत पंच्याऐंशी ग्रॅम. सौम्य दोन आणि मध्यम एक असा दादांचा क्रम धरला तर दिवसाला ११० ग्रॅम होते. वर्षाला चाळीस किलो. सात वर्षांत दोनशे ऐंशी किलो. यातली निम्म्याहून अधिक साखर रक्तात शोषली जाते. भूक मंदावते, वजन वाढते, रक्तातली साखर आणि चरबी वाढते. आणि गंमत पाहा, एकीकडे साखर आत येत असते तर दुसरीकडे रोज पाच ते दहा ग्रॅम प्रथिने त्या पाण्याबरोबर बाहेर जात असतात. माणूस बाहेरून बाळसेदार दिसतो आणि आतून वाळतो. वहिनी दादांना रोज अंडे खाऊ घालीत. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने, म्हणजे एक अंडे खुंटीलाच गेले, असे दादा म्हणत.

परंतु हेही दुय्यम. मुख्य हानी पडद्याची होते. निसर्गाने तो आतड्यांना एकमेकांवरून सहज सरकता यावे म्हणून दिलेला. त्याला साखरेच्या पाण्यात वर्षानुवर्षे भिजत राहण्याची सवय नाही. शिवाय ते पाणी उष्णतेने निर्जंतुक करताना साखरेचे काही विघातक अंश तयार होतात. या सर्वांमुळे पडदा जाड होतो, त्याच्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात. नव्या वाहिन्या फुटणे हे ऐकावयास बरे वाटते; पण त्यामुळे पोटातली साखर रक्तात झपाट्याने शोषली जाते, आणि साखर गेली की पाणी ओढणारे कोणी उरत नाही. दोन लिटर सोडावे तर पूर्वी सव्वादोन-अडीच लिटर परत येत असे, ते हळूहळू दोन लिटरच येऊ लागते. मग शरीरात पाणी साचते, पाय सुजतात, रात्री आडवे होताच धाप लागते. यावर उपाय म्हणून कडक पिशवी द्यावी तर ती पाणी ओढते खरे, परंतु पडद्याचे आणखी नुकसान करते. आमच्या महसूल खात्यात ज्यांनी कर्जबाजारी शेतकऱ्याची कागदपत्रे पाहिली आहेत त्यांना हे चक्र ओळखीचे वाटेल. व्याज फेडण्यासाठी नवे कर्ज काढावयाचे, आणि त्या कर्जावर पुन्हा व्याज.

याला तोड काढण्याचे प्रयत्न झाले आहेत, ते सांगितले पाहिजेत. दोन कप्प्यांच्या पिशव्या निघाल्या; त्यांत साखर वेगळी ठेवून निर्जंतुक करतात, त्यामुळे विघातक अंश कमी होतात आणि उरलेली लघवीही अधिक काळ टिकते असे दिसते. त्या महाग आहेत. इकोडेक्स्ट्रिन नावाचे, पिष्टापासून केलेले द्रव्य आहे. ते साखरेप्रमाणे चटकन शोषले जात नाही आणि रात्रभर पोटात राहून पाणी ओढते. ते वापरणाऱ्या मधुमेही रुग्णांना मात्र एक इशारा दिला पाहिजे, की घरी रक्तशर्करा मोजण्याची काही यंत्रे त्यामुळे फसतात, साखर प्रत्यक्षाहून पुष्कळ जास्त दाखवितात, आणि त्या आकड्यावर विसंबून इन्शुलिन घेतले तर जिवावर बेतते. कोणते यंत्र चालते हे डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

आणखी एक दुर्मीळ पण भयंकर विकार आहे. १९८० मध्ये त्याचे प्रथम वर्णन झाले. जाड झालेला पडदा आतड्यांभोवती रेशमाच्या कोशासारखा गुंडाळला जातो आणि आतडी जखडली जातात. अन्न पुढे सरकत नाही, उलट्या होतात, माणूस कृश होत जातो. पोटाच्या डायलिसिसवर जितकी अधिक वर्षे, तितका याचा धोका अधिक; आणि उपचार थांबविल्यानंतरही तो उद्भवू शकतो. जपानमध्ये लोक या उपचारावर दीर्घकाळ राहत असल्याने तेथील डॉक्टरांनी याचा बारकाईने अभ्यास केला. तेथे काही रुग्णांना पोटाच्या डायलिसिसबरोबरच आठवड्यातून एकदा यंत्रावरही घेतात. हा विकार शेकड्यात फार थोड्यांना होतो, तेव्हा ऐकणाऱ्या कोणी धसका घेऊ नये. परंतु आठ-दहा वर्षे झालेल्या रुग्णाने डॉक्टरांशी या गोष्टीची चर्चा टाळूही नये.

आता वहिनींविषयी. डायलिसिस घरी होते, असे आपण म्हणतो तेव्हा घरी ते कोण करते, हा प्रश्न विचारावयाचे राहून जाते. पहिली दोन वर्षे दादा स्वतःच करीत. मग बोटांना बधिरता आली आणि तो भार वहिनींवर पडला. पहाटेची पिशवी म्हणजे साडेपाचला उठणे. रात्रीची संपेपर्यंत अकरा. मध्ये दुपारची. महिन्याला नव्वद पिशव्या, म्हणजे सुमारे दोनशे किलो वजन, दारात उतरवून घ्यावयाचे, मोजावयाचे, उंदीर आणि ओल यांपासून जपावयाचे. रिकाम्या प्लास्टिकची विल्हेवाट लावावयाची. सात वर्षांत त्यांनी एक रात्रही दुसऱ्या घरी काढली नाही. त्यांच्या सख्ख्या भाचीचे लग्न लांज्यात झाले. सकाळची पिशवी करून त्या गेल्या आणि अक्षता पडताच दुपारच्या पिशवीसाठी परतल्या, जेवणालाही थांबल्या नाहीत. परदेशांतील ग्रंथांतही सेवा करणाऱ्या आप्ताच्या थकव्याचे प्रकरण असते, आणि रुग्ण हा उपचार सोडतात त्यामागे पडद्याइतकेच हेही एक कारण असते. रुग्णाचा रक्तदाब दर महिन्याला तपासला जातो. वहिनींचा सात वर्षांत कोणी तपासला नाही, आम्हीसुद्धा नाही.

पुरवठ्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण तो माझ्या पेशाचा भाग आहे. घरात ठेवलेली खोकी संपत आली आणि रस्ता बंद पडला तर काय? चिपळूणच्या पुरात मुंबईकडून येणारी खोकी अडकली, तेव्हा घरात नऊ दिवसांचा साठा होता म्हणून निभावले. हे केवळ आपल्याच रस्त्यांचे दुखणे नव्हे. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात चक्रीवादळाने मॅरिअन गावाजवळचा एक कारखाना पाण्याखाली गेला, आणि त्या धनाढ्य देशात शिरेतून देण्याच्या सलाइनचा व डायलिसिसच्या पिशव्यांचा तुटवडा पडला. थोड्या कारखान्यांवर अवलंबून असलेला उपचार किती नाजूक असतो ते तेव्हा दिसले.

आपल्या सरकारने २०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आरंभिला आणि जिल्हा रुग्णालयांतून यंत्रे बसविली. त्याने असंख्य गरिबांचे प्राण वाचले आहेत. पोटाच्या डायलिसिससंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे त्या कार्यक्रमात २०१९ मध्ये आली. हा क्रम का, हे सरकारी नोकराला कळणे कठीण नाही. यंत्रे मोजता येतात, त्यांच्यावर किती रुग्ण बसले ते तक्त्यात भरता येते, केंद्राचे उद्घाटन करता येते. माजघरालगतच्या खोलीला कोनशिला बसविता येत नाही. हाँगकाँगने १९८५ पासून सार्वजनिक रुग्णालयांत पोटाच्या डायलिसिसला प्रथम स्थान दिले आहे. डोंगराळ, विखुरलेल्या वस्तीच्या आपल्या देशात त्याचा विस्तार व्हावा अशा मताचा मीही आहे. मात्र तो करताना केवळ पिशव्या पोचविल्या म्हणजे झाले असे मानू नये. पडदा किती वर्षे साथ देईल याची ठराविक मुदतीने तपासणी, घरी येणारी परिचारिका, आणि तो थकल्यावर पुढच्या यंत्राची सोय, या तिन्ही गोष्टी पहिल्या पिशवीबरोबरच मंजूर झाल्या पाहिजेत.

हे मी इतक्या ठासून का सांगतो, त्याचे कारण आता सांगतो. दादांनी पहिल्या दिवसापासून नोंदवही ठेवली होती. गणिताच्या मास्तरांची वही ती. पाच रकाने, आखून काढलेले. तारीख, आत गेलेले पाणी, बाहेर आलेले पाणी, लघवी, वजन. दर महिन्याच्या एक तारखेला वहिनी त्या पानांची छायाचित्रे मला फोनवर पाठवीत. २०१८ मध्ये दिवसभरात पोटातून जादा निघणारे पाणी नऊशे मिलिलिटरच्या घरात होते. २०२२ मध्ये ते सहाशे झाले, २०२४ च्या पावसाळ्यात अडीचशे. लघवीचा रकाना तर कोराच. वजन साडेचार किलोंनी वाढलेले. मी ती पाने उघडून पाही, अक्षर स्वच्छ आहे, रकाने भरलेले आहेत, म्हणून समाधानाने “ठीक” असे उत्तर धाडी. ज्याचा दिवस इतरांचे तक्ते वाचण्यात आणि त्यांतल्या चुका काढण्यात जातो, त्या माणसाने आपल्या भावाच्या तक्त्यातला तिसरा रकाना दोन वर्षे वाचला नाही.

डॉक्टरांनी एकदा सुचविले होते, की कडक पिशवीची चाचणी करून पाहू. सव्वाचार टक्क्यांची पिशवी चार तास ठेवल्यावर चारशे मिलिलिटरही जादा पाणी निघत नसेल तर पडदा थकला असे समजतात. दादांचे तीनशेच निघाले. यंत्राकडे वळावे, त्यासाठी हातातल्या शिरेची जोडणी आताच करून घ्यावी, ती पक्की व्हायला काही आठवडे लागतात, असे त्यांनी सांगितले. दादांनी नकार दिला. सात वर्षे जी शिस्त पाळली ती फुकट गेली, आपण नापास झालो, असे त्यांना वाटले. मलाही तसेच वाटले, आणि मी त्यांना आग्रह केला नाही. पडद्याला आयुष्य असते, तो कुणाच्या हलगर्जीपणाने नव्हे तर कामानेच झिजतो, आणि यंत्राकडे जाणे हा ठरलेलाच टप्पा असू शकतो, हे आम्हाला २०१८ मध्ये कोणी बसवून सांगितले असते तर दादांनी ती जोडणी वर्षभर आधी करून घेतली असती. कदाचित कोणी सांगितलेही असेल. पहिल्या दिवशी माणूस फार थोडे ऐकतो. म्हणून हे दर वर्षी पुन्हा सांगावयास हवे.

२०२५ च्या जानेवारीत एका रात्री दादांना आडवे होणे अशक्य झाले. फुप्फुसांत पाणी भरले होते. रुग्णालयात पोचेपर्यंत ओठ निळे पडले होते. शिरेची जोडणी नसल्याने मानेतून तात्पुरती नळी घालावी लागली. तिच्यात जंतू झाले. तीन आठवडे आम्ही ते वाचतात की नाही या चिंतेत काढले. मी भोपाळहून गेलो तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावले आणि पहिला प्रश्न विचारला, “तू वही पाहत होतास ना?” मी काय उत्तर दिले ते येथे सांगत नाही.

ते वाचले. हातातली जोडणी पुढे झाली, आणि पोटातली नळी काढून टाकली. आता दोघांनी रत्नागिरीस दोन खोल्या घेतल्या आहेत. आठवड्यातून तीन सकाळी दादा यंत्रावर जातात, बरोबर उत्तरपत्रिकांऐवजी शब्दकोडी नेतात, आणि दुपारी थकून झोपतात. यंत्राचा थकवा निराळा, पाण्यावरची बंधने अधिक कडक, हे सर्व आहेच. गावच्या खोलीतली न उघडलेली खोकी आम्ही त्याच रुग्णालयातील एका गरजू रुग्णास दिली. वही दादांनी नवी सुरू केली आहे आणि ती मला दर रविवारी येते. गेल्या गणपतीत वहिनी लांज्याला माहेरी गेल्या आणि पाच दिवस राहून आल्या.